अपघाताआधीचे साक्षीदार

(‘नागरिक कर्तव्य’ या विषयावर कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंचपरिवर्तनाचा विषय घरोघरी पोहोचला. सामाजिक समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्व-बोध आणि नागरिक कर्तव्य ही ती पाच सूत्रे. त्यांपैकी नागरिक कर्तव्य हे सूत्र ऐकायला सर्वांत सोपे आणि आचरायला सर्वांत अवघड आहे. सिग्नलला थांबावे, हेल्मेट घालावे, कचरा रस्त्यावर टाकू नये, एवढ्यावर ते संपत असते तर त्यासाठी व्याख्यानाची गरज पडली नसती. खरी कसोटी त्यापुढे लागते. नियम मोडणारा दुसराच कोणी असतो, तो ओळखीचा असतो, आणि त्याच्याविषयी पोलिसांना कळवायचे की नाही, हे ठरवण्याची वेळ एखाद्या सज्जन माणसावर येते. तेव्हा एरवी राष्ट्र आणि समाज यांविषयी तळमळीने बोलणारा माणूसही गप्प होतो. आजचा विषय तेवढाच आहे. बेदरकारपणे वाहन चालवणाऱ्याची खबर पोलिसांना द्यावी की देऊ नये?

विषय लहान वाटेल, म्हणून आधी त्याची व्याप्ती लक्षात घ्यावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एकट्या महाराष्ट्रातील मृतांची संख्या पंधरा हजारांहून अधिक होती. सरासरी काढली तर देशात रोज चारशे बासष्ट आणि दर तासाला एकोणीस माणसे गेली. हे व्याख्यान संपेपर्यंत किती घरांतला कर्ता माणूस, किती घरांतले लेकरू जाईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. सीमेवर एक जवान हुतात्मा झाला की सारा देश हळहळतो, आणि ते योग्यच आहे. मात्र रस्त्यावर रोज सांडणाऱ्या या रक्ताला ‘नशीब’ म्हणून मोकळे होण्याची सवय समाजाला जडली आहे.

हे खरोखर नशीब असते का? अपघात क्षणात होतो, पण त्याची तयारी फार दिवस चाललेली असते. पिऊन गाडी चालवणारा माणूस पहिल्याच दिवशी कोणाला चिरडत नाही. तो महिनोन्‌महिने तसाच गाडी चालवत असतो आणि सुखरूप घरी पोहोचत असतो. घरच्यांना ते माहीत असते, सोसायटीच्या रखवालदाराला माहीत असते, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला माहीत असते. अपघातानंतर पोलीस पंचनामा करतात आणि साक्षीदार शोधतात. त्या साक्षीदारांनी फक्त शेवटचा क्षण पाहिलेला असतो. अपघाताआधीचे साक्षीदार मात्र कुठल्याच कागदावर येत नाहीत. ते शोकसभेला येतात आणि ‘एक दिवस असे होणार, हे वाटतच होते’ असे हळूच म्हणतात. या एका वाक्यात समाजाचा केवढा मोठा अपराध दडला आहे!

पुण्यातील कल्याणीनगरची घटना अनेकांच्या स्मरणात असेल. १९ मे २०२४ च्या पहाटे एका भरधाव आलिशान मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि मूळचे मध्य प्रदेशातील दोन तरुण संगणक अभियंते ठार झाले. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. घटनेची माहिती वेळेत न कळवल्यावरून दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. देशभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता.

त्या संतापात एक गोष्ट मात्र फारशी कोणी विचारात घेतली नाही. त्या मोटारीची कायमस्वरूपी नोंदणीच झालेली नव्हती. क्रमांकाच्या पाटीवाचून एवढी ठळक मोटार शहराच्या रस्त्यांवरून फिरत होती. ती किती जणांच्या नजरेस पडली असेल? अल्पवयीन मुलाच्या हाती ती रात्री कोणी दिली? यंत्रणा अपघातानंतर वाकली की नाही, याची चौकशी न्यायालये करतील. पण अपघाताआधी पाहणाऱ्यांपैकी कोणी फोन उचलला होता का, हा प्रश्न न्यायालयाचा नाही. तो समाजाने स्वतःला विचारायचा आहे.

मोठ्यांच्या मुलांविषयी बोलणे त्या मानाने सोपे असते. म्हणून एक अधिक अवघड प्रसंग विचारासाठी घेऊ. प्रसंग कल्पित आहे, पण तो कुठल्याही जिल्ह्याच्या गावी उद्या सकाळी घडू शकेल.

एका वस्तीतील नऊ-दहा मुले रोज एका व्हॅनमधून शाळेत जातात. चालक चाळिशीचा. मुले त्याला ‘काका’ म्हणतात. गणेशोत्सवाच्या मंडपात तो रात्रभर राबतो. करोनाच्या टाळेबंदीत त्याने वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना औषधे आणून दिली होती. हप्त्याची गाडी, घरी आजारी आई, मुलीचे लग्न ठरलेले. एके दिवशी सकाळी मुलाला व्हॅनमध्ये बसवताना एका आईला चालकाच्या तोंडाला दारूचा वास येतो. डोळे तांबारलेले, बोलणे जड. असे यापूर्वीही एकदोनदा वाटले होते, पण तेव्हा तिने मनाची समजूत घातली होती. त्या दिवशी ती मुलाला खाली उतरवते आणि म्हणते, ‘काका, आज याला बरे नाही.’ दुसऱ्या दिवसापासून मुलाला सोडायला वडील जाऊ लागतात. पुढच्या महिन्यात दुसरी व्हॅन लावली जाते. पोटावर पाय नको म्हणून कोणी कोणाला काही सांगत नाही.

हा मार्ग वरकरणी अतिशय सभ्य आहे. भांडण नाही, पोलीस नाहीत, कोणाचे मन दुखावलेले नाही. पण त्या सकाळी व्हॅन थांबली का? उरलेली मुले घेऊन ती गेलीच. त्या माउलीने आपले मूल वाचवले आणि शेजारणीचे मूल जाऊ दिले. ती दुष्ट नव्हती. ‘आपल्यापुरते पाहावे’ हा जो मध्यमवर्गीय शहाणपणा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, त्याच शहाणपणाने ती वागली. ज्या समाजाला संघटित व्हायचे आहे, त्याने हा शहाणपणा आधी टाकून द्यायला हवा. संघटना म्हणजे केवळ एका मैदानावर एका वेळी उभे राहणे नव्हे. शेजारच्या घरातील मूल आपल्या मुलाइतकेच आपले आहे, ही जाणीव म्हणजे संघटना.

खबर देण्याविरुद्ध जी कारणे सांगितली जातात, ती सगळीच पोकळ नाहीत. त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

पहिले कारण पोटावर पाय येण्याचे. चालकाचा परवाना गेला तर त्याच्या घरची चूल विझेल. ही करुणा खरी आहे, पण अपुरी आहे. करुणा करणाऱ्याला एकच चेहरा दिसत असतो, कारण तो समोर उभा असतो. व्हॅनमधले चेहरे आणि रस्त्याने चाललेले अनोळखी चेहरे त्याला दिसत नाहीत. शिवाय चालकाचे तरी भले कशात आहे? मद्य पिऊन वाहन चालवताना प्रथम सापडल्यास कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही शिक्षा भोगून माणूस पुन्हा उभा राहू शकतो. निष्पाप जिवांच्या मृत्यूचे ओझे घेऊन तो आयुष्यात कसा उभा राहील? वेळेवर केलेली तक्रार त्याला त्या खाईच्या तोंडावरून मागे खेचते.

दुसरे कारण चहाडीचे. आपल्या संस्कारात चहाडखोराला मान नाही, आणि नसावाच. पण चहाडी आणि खबर यांत भेद आहे. चहाडी कानात केली जाते, स्वतःच्या लाभासाठी केली जाते आणि तिच्यात मीठमसाला असतो. खबर योग्य अधिकाऱ्याकडे दिली जाते, दुसऱ्याच्या रक्षणासाठी दिली जाते आणि तिच्यात जेवढे पाहिले तेवढेच असते. हा भेद ज्याने पाळला, त्याला लाज वाटण्याचे कारण नाही.

गोव्यात पोलिसांनी २०१७ मध्ये ‘ट्रॅफिक सेंटिनल’ नावाची योजना आणली. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांची छायाचित्रे नागरिकांनी पाठवावीत, त्यावर गुण मिळावेत आणि गुणांवर बक्षीस, अशी ती योजना होती. तिला विरोधही झाला. बक्षिसाने खबर देणारे वाढतात, यात शंका नाही. पण बक्षीस आले की हेतूविषयी शंका येते, आणि शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. कर्तव्य म्हणून दिलेली खबर निराळी. तिच्यात देणाऱ्याला मिळण्यासारखे काही नसते, म्हणूनच तिचे वजन अधिक असते.

तिसरे कारण पोलिसांवरील अविश्वासाचे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण अनुभवातून आलेली आहे. ठाण्यात ताटकळत ठेवतात, चिरीमिरी घेऊन सोडून देतात, तक्रारदाराचे नाव समोरच्याला कळते, हे आक्षेप सर्वस्वी खोटे आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण नोंदच नसेल तर यंत्रणेला जाब कशाच्या आधारे विचारणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. बेदरकार वाहन चालवणे हा दखलपात्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर या संहितेच्या १७३ व्या कलमानुसार, घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, कुठल्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. नोंदलेल्या माहितीची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद नाकारली तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी कळवता येते, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांचे दार उघडे असते. कायद्याने दिलेली ही साधने कोणी वापरलीच नाहीत, तर ती गंजणार.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे कायद्याने प्रत्येक नागरिकावर बंधनकारक केले आहे. त्या गुन्ह्यांच्या यादीत बेदरकार वाहन चालवणे नाही. म्हणजे त्या माउलीने मौन पाळले म्हणून कायदा तिला दोषी धरणार नाही. कायद्याची सक्ती जिथे संपते तिथे धर्म सुरू होतो, आणि नागरिक कर्तव्य हा शब्द तिथेच अर्थपूर्ण होतो.

हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला आहे, असा कोणाचा समज असेल तर त्याने कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या चौथ्या अधिकरणाचे नाव ‘कण्टकशोधन’ असे आहे. समाजाच्या वाटेवरचे काटे शोधून दूर करणे, हा त्याचा विषय. त्यात गाडीच्या अपघातांविषयी नियम आहेत. अजाण वयाचा मुलगा गाडी हाकत असेल, तर दंड गाडीत बसलेल्या मालकाला करावा. मालक नसेल तर जो गाडीत बसला आहे त्याला करावा. आणि मुलाच्या हाती सोडलेली गाडी राजाने ताब्यात घ्यावी, असे कौटिल्य सांगतो. ज्याने मुलाच्या हाती दोर दिला, तोच उत्तरदायी!

स्वतंत्र भारताच्या मोटार वाहन कायद्यात हे तत्त्व २०१९ च्या दुरुस्तीने ‘१९९ अ’ या कलमात आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही, अशी ती तरतूद आहे. कायद्याने सोळाव्या वर्षी चालवता येते ती केवळ पन्नास सीसीपर्यंतची विनागिअर दुचाकी. दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून मुलाच्या हाती शंभर-सव्वाशे सीसीच्या स्कूटरची चावी देणारा बाप त्याला बक्षीस देत नसतो. तो त्याला गुन्ह्यात ढकलत असतो. कुटुंब प्रबोधन आणि नागरिक कर्तव्य ही दोन सूत्रे त्या चावीपाशी एकत्र येतात.

आता प्रत्यक्ष निर्णय कसा करावा, याचा विचार. खबर देण्यापूर्वी माणसाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. जे सांगायचे आहे ते स्वतः पाहिले आहे की ऐकीव आहे? हा धोका पुन्हा उद्भवण्यासारखा आहे का? आणि या माणसाशी आपला काही जुना हिशेब तर नाही ना? पार्किंगच्या भांडणाचा राग काढण्यासाठी केलेली तक्रार हे पाप आहे आणि गुन्हाही आहे. खोटी असल्याचे ठाऊक असताना दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून लोकसेवकाला माहिती दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या २१७ व्या कलमानुसार एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला त्या कलमाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

यानंतर प्रश्न वेळेचा. धोका सवयीचा असेल पण त्या क्षणीचा नसेल, तर आधी माणसाशी बोलावे. गल्लीतून सुसाट मोटारसायकल नेणाऱ्या तरुणाला, त्याच्या आई-वडिलांना एखाद्या ज्येष्ठाने एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे. शेजारधर्माचा तो हक्कच आहे. एकदा सांगून फरक पडला नाही, तर मात्र दहादा विनवण्या करत बसू नये. दिनांक, वेळ, ठिकाण आणि वाहनाचा क्रमांक लिहून वाहतूक पोलिसांकडे द्यावे. पण माणूस त्याच क्षणी पिऊन गाडीवर बसत असेल, तर बोलण्यात आणि बैठकीत वेळ घालवायचा नसतो. मद्याचा अंश रक्तातून तासागणिक कमी होत जातो. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश आढळला तर गुन्हा सिद्ध होतो. दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीतून तो सिद्ध होणार नाही. अशा वेळी ११२ क्रमांकावर तत्काळ फोन, हाच एक मार्ग.

त्या कल्पित वस्तीतील आईने काय करायला हवे होते, याचे उत्तर आता कठीण नाही. तिने सर्व मुलांना खाली उतरवायला हवे होते, दोन पालकांना हाक मारायला हवी होती आणि ११२ क्रमांक फिरवायला हवा होता. त्यानंतर मुख्याध्यापकांना कळवायला हवे होते. महाराष्ट्रात स्कूलबसविषयीचे नियम २०११ मध्ये झाले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो, वाहतूक पोलीस आणि परिवहन विभागाचे अधिकारीही असतात. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती शेवटची केव्हा बसली, एवढे जरी प्रत्येक पालकाने उद्या विचारले, तरी पुष्कळ काम होईल. आणि तपासणीत चालक निर्दोष ठरला तर? तर सर्वांसमक्ष त्याची क्षमा मागावी. क्षमा मागण्याची लाज ही काही मुलाच्या प्राणापेक्षा मोठी नाही.

काय करू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. चालकाला ओढून मारहाण करणे हे शौर्य नव्हे. ती झुंडशाही आहे. व्हॉट्सॲपवर त्याचे छायाचित्र आणि नाव फिरवणे म्हणजे खबर देणे नव्हे, कारण तिथे ना चौकशी आहे, ना त्याला उत्तर देण्याची संधी. आणि चालकाचे आडनाव, जात, धर्म किंवा पक्ष पाहून फोन करायचा की नाही हे ठरत असेल, तर ते नागरिक कर्तव्य नव्हेच. तो पक्षपात आहे. उलट जो आपला आहे, आपल्या मंडळात आहे, आपल्या बैठकीला येतो, त्याच्याविषयी जबाबदारी अधिकच आहे. नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री महाराष्ट्राला वंद्य वाटतात, ते कशामुळे? परक्याला दोषी ठरवायला रामशास्त्र्यांची गरज नसते. धन्याला दोषी ठरवायलाच ती लागते. त्यांची गोष्ट मुलांना सांगायची आणि सोसायटीच्या अध्यक्षांचा मुलगा पिऊन गाडी काढतो तेव्हा खिडकी लावून घ्यायची, या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत.

एक काम मात्र संघटनेनेच करण्याजोगे आहे. खबर देणारा माणूस बहुधा एकटा पडतो. ठाण्यात तो एकटा जातो आणि वस्तीतले टोमणे एकटा सोसतो. त्याच्याबरोबर ठाण्याची पायरी चढायला दोन कार्यकर्ते उभे राहिले, तर धीर येतो आणि ठाणे अंमलदारही नोंद टाळायला कचरतो. त्याच दोघांनी पुढे चालकाच्या घरीही जावे. तो व्यसनात सापडला असेल तर त्याला उपचारांपर्यंत न्यावे. परवाना निलंबित असेपर्यंत त्याच्या घरचा किराणा आणि मुलांची फी थांबणार नाही, एवढे वस्तीने पाहावे. मुलीच्या ठरलेल्या लग्नात उणे पडू देऊ नये. कायद्याने त्याच्या हातातले चाक काढून घ्यावे आणि समाजाने त्याचा हात धरून ठेवावा. असे घडले तर पोटावर पाय आल्याची तक्रार कोणालाच करता येणार नाही.

मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी उद्या सकाळी गावोगावी हजारो वाहने निघतील. त्यांतील बहुतेक चालक कष्टाळू आणि निर्व्यसनी असतील, त्यांच्याविषयी मनात कृतज्ञताच असावी. पण एखाद्या ठिकाणी, एखाद्या वळणावर, कोणाला तरी काही तरी खटकेल. त्याने तेव्हा केवळ आपले मूल खाली उतरवून घेऊ नये. त्याने ती गाडी थांबवावी.